राजाच्या ड्रॅगनचं पोट

माझ्या बापाला एकच चेहरा काढता यायचा. स्वतःचा.

आमच्याकडे आरसा नव्हता, त्यामुळे बाप बादलीतल्या पाण्यात बघून काढायचा. ऑल्डरफिल्डच्या चर्चमध्ये भिंतीवरचे बाराच्या बारा प्रेषित जरा वाकून, भुवया उंचावून बघायचे, काहीतरी महत्त्वाचं विहिरीत पडल्यासारखे. हातात चावी असली तर पीटर, तिरका क्रूस असला तर अँड्र्यू, अशी ओळख पटवायची. दक्षिणेच्या भिंतीवर सैतान होता, तोही बापच, फक्त शिंगं जास्त. उत्तरेच्या भिंतीवर संत मार्गारेट होती, तीही बापच, फक्त दाढी कमी. आणि मी बापावर गेलोय. गावात मला शिवी देण्याआधी लोक एकदा थांबून विचार करायचे, माझ्यात त्यांना बारा प्रेषित दिसायचे. मग त्यांना सैतान आठवायचा आणि ते शिवी द्यायचे.

माझी बायको टॅम्सिन म्हणायची, "बाकीच्या बायका कळा आल्या की मार्गारेटला हाक मारतात. मी हाक मारली की डोळ्यांसमोर तू येतोस. निळ्या झग्यात."

ड्रॅगन मात्र बापाला झकास जमला होता. मार्गारेटला ड्रॅगनने गिळलं आणि ती त्याचं अंग फाडून धडधाकट बाहेर आली, ही गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते, कारण ते पोर तिचंच नाव घेऊन जगात आलेलं असतं. ती जशी सुटली तशी बाई सुटू दे, म्हणून सुईण तिला हाक मारते. बापाने ड्रॅगन घोड्याएवढा काढला होता. लालभडक, पोट टम्म फुगलेलं, पुढचा एक पाय उगारलेला. त्याच्या पाठीतून मार्गारेट कमरेपर्यंत बाहेर आलेली, हात जोडलेले, आणि तिच्या निळ्या झग्याची कड अजून ड्रॅगनच्या तोंडातच. पुरती गिळून व्हायच्या आत बाहेर आलेली, इतकी घाईची बाई.

हे सगळं पुसायचं ठरलं ते असं. जानेवारीत म्हातारा राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. वय वर्षं नऊ. नव्या राजाला भिंतीवरची चित्रं नको आहेत असं कळलं तेव्हा आम्हाला नवल वाटलं. आमच्याकडे नऊ वर्षांची पोरं भिंतीवर चित्रं काढतात म्हणून मार खातात. पण राज्याचा कारभार राजाचे मामा बघत होते, आणि मामांची मतं ठाम होती. संतांची चित्रं बंद, त्यांच्यापुढच्या मेणबत्त्या बंद. भिंती पांढऱ्या करायच्या आणि सर्वांना दिसेल अशा जागी राजचिन्ह काढायचं. ऑक्टोबरमध्ये, संत लूकच्या दिवशी, तपासणी. लूक म्हणजे आम्हा रंगाऱ्यांचा संत. त्याच्याच दिवशी त्याच्यासकट सगळ्यांना चुना लागलेला हवा होता.

चर्चचे कारभारी ग्रेगरी टॅब हुकुमाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. टॅब काटकसरी माणूस. कोंबडी विकतानाही हात फिरवून एखादं पीस ठेवून घेणारे.

"पिअर्स, भिंती तुझ्या बापाने रंगवल्या. पुसायच्या तूच."

"बापाला तीन वर्षं लागली होती."

"तुला पाच आठवडे आहेत."

"आणि नाही झालं तर?"

"तर मला नॉर्विचला जाऊन जबाब द्यावा लागेल. जबाबात मी तुझं नाव सांगणार. पाठीमागे बोलत नाही, तोंडावर सांगतोय."

एवढ्या सरळ माणसाला नाही कसं म्हणायचं?

घरी टॅम्सिनला सांगितलं. तिला सातवा संपत आला होता. दिवस भरणार होते नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाच्या सुमाराला. ती वाटाणे निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"मार्टिनच्या सणापर्यंत थांब," ती म्हणाली.

"तपासणी लूकच्या दिवशी आहे."

"मग तपासणीला थांबायला सांग."

"कुणाला सांगू? राजाला?"

"राजाची आई त्याच्याच बाळंतपणात गेली ना? त्याला कळेल."

"तो नऊ वर्षांचा आहे."

"मग त्याच्या मामांना सांग. त्यांची तर बहीण होती."

मी तिच्यासमोर बसून वाटाणे निवडायला लागलो.

मागच्या खेपेचं सांगायला हवं. आदल्या वर्षीच्या वसंतात चर्चचं छप्पर गळत होतं, तेव्हा टॅबनी बार्लीची पोती उत्तरेच्या भिंतीला लावून रचली होती. मार्गारेट डोक्यासकट पोत्यांमागे. तिच्यापुढे मेणबत्ती लावायला जागाच नव्हती. बायका म्हणाल्या, ती आहे गं पोत्यांमागे, आहेच, काळजी करू नकोस. आमचा मुलगा दोन दिवस जगला. त्याचं नाव ठेवून झालं होतं.

"बाकी सगळं पूस," टॅम्सिन म्हणाली. "प्रेषित पूस, सैतान पूस. तिला ठेव. मूल झालं की मी स्वतः कुंचा धरीन आणि तिला पुसून देईन. पण त्याआधी नाही."

मी बघतो म्हणालो. नवऱ्याने "बघतो" म्हटलं की बायकोला काय समजायचं ते समजतं.

पहिले आठ-दहा दिवस मी चुना मुरवण्यात घालवले. चुना नीट मुरला नाही तर भिंतीवर फुगे येतात, हे खरं आहे. पण तो मी जितका मुरवला तितका कुणी मुरवत नाही, हेही खरं आहे. टॅब रोज येऊन पिंपात डोकावायचे.

"मुरला का?"

"विचारात आहे."

शेवटी प्रेषितांपासून सुरुवात केली. ओल्या चुन्याची एक गंमत असते. लावतो तेव्हा तो पाण्यासारखा आरपार दिसतो, आपण काही केलंय असं वाटतच नाही. वाळला की पांढरा. संध्याकाळी पीटर आपल्याकडे बघत असतो, सकाळी येऊन पाहावं तर चावीसुद्धा नाही. गावातले म्हातारे रोज सकाळी कोण गेलं ते बघायला यायचे. सैतान गेला तेव्हा दोघा-तिघांना वाईट वाटलं. त्याच्याकडे बघून त्यांची दारू सुटली होती, आता पुन्हा लागेल की काय अशी भीती.

मग मी उत्तरेच्या भिंतीपाशी आलो. तिथे नऊ बायका टकळ्या घेऊन सूत काढत बसल्या होत्या. मधोमध, माझ्याच पालथ्या बादलीवर, पार्नेलमावशी. मावशी म्हणजे गावची सुईण. मलाही तिनेच बाहेर ओढलंय आणि ते ती विसरू देत नाही.

"मावशी, बादली."

"बसलेय मी."

"दिसतंय. पण चुना कशात कालवू?"

"टोपीत कालव. तुझ्या डोक्यात नाहीतरी काय आहे?"

मी टॅबना बोलावून आणलं. बायकांच्या रांगेत तिसरी त्यांचीच बायको होती, सिबिल.

"सिबिल, घरी चल."

"प्रार्थना करतेय मी."

"हातात टकळी आहे."

"देवाला सूत चालतं."

पार्नेलमावशी म्हणाली, "ग्रेगरी, आम्ही कुणाला अडवत नाही. नुसत्या बसलोय. बसू नये असा हुकूम आलाय का?"

टॅबनी कागद काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बसण्याबद्दल काही नव्हतं. ते मला म्हणाले, "तू तोवर राजचिन्हाचं बघ."

राजचिन्हाचं कुणी चित्र पाठवलं नव्हतं, नुसतं वर्णन होतं. मध्ये ढाल, ढालीवर मुकुट, एका बाजूला सोनेरी सिंह, दुसऱ्या बाजूला लाल ड्रॅगन. सिंह आमच्या गावात कुणी पाहिलेला नव्हता. पाद्रीबाबा शिकलेले, त्यांना विचारलं.

"मांजरासारखा असतो," ते म्हणाले. "पण मोठा, आणि राजाशी एकनिष्ठ."

"मग मांजरासारखा कसा?"

पाद्रीबाबा म्हणाले की त्यांना कबुलीजबाब ऐकायला जायचंय.

ड्रॅगन मी फळीवर काढून पाहिले. पहिला बदकासारखा झाला. दुसराही बदकासारखा. तिसरा मी पार्नेलमावशीला दाखवला. ती बराच वेळ बघून म्हणाली, "हे बदक चांगलं झालंय."

तपासणीला बारा दिवस उरले होते. मी त्या भिंतीकडे बघत बसलो. नऊ बायका सूत काढत होत्या. त्यांच्या डोक्यांवर बापाचा ड्रॅगन होता. लाल, धष्टपुष्ट, पुढचा पाय उगारलेला, जणू कुणीतरी ढाल आणून द्यायची वाट बघतोय.

मी टॅबना म्हणालो, "अर्धं राजचिन्ह आपल्याकडे आधीच आहे."

त्यांनी ड्रॅगनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हा फुकट आहे?"

"तीस वर्षांपूर्वीच काढून झालाय."

टॅबच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "मग फक्त ती बाई काढ," ते म्हणाले.

टॅम्सिनला मी खरं ते सांगितलं. ड्रॅगन राहील, मार्गारेट जाईल, माझ्याच्याने याहून जास्त होणार नाही. पुढचे चार दिवस मला घरात वाटाण्याचं कढण मिळालं, शब्द मिळाला नाही. कढणातही मीठ नव्हतं.

सोमवारी गावाचं मोठं धुणं असतं. महिन्याच्या चादरी, शर्ट, सगळं घेऊन बायका नदीवर जातात आणि दुपार टळेपर्यंत येत नाहीत. मी सोमवारी गेलो. बादलीही रिकामी सापडली. शिडी लावली आणि मार्गारेटच्या समोर उभा राहिलो. बापाचा चेहरा, जोडलेले हात, नजर खाली बादलीत. मी म्हणालो, "माफ कर," आणि कुंचा फिरवला. ओला चुना लागल्यावरही ती तशीच दिसत होती. ते जास्त वाईट. मी तीन हात दिले. हळूहळू तिचे हात गेले, मग खांदे, मग बाप.

झग्याची कड तेवढी राहिली. ड्रॅगनच्या दातांतून लोंबणारी निळी चिंधी, वीतभर. टॅबना मी सांगितलं की दातांमधून कुंचा फिरवणं फार किचकट काम आहे. खरं कारण काय ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

मग ढाल काढली, मुकुट काढला, आणि सिंह. सिंहाचं अंग मांजरासारखं केलं, पण मोठं. शेवटी चेहरा आला. मला येतो तो चेहरा एकच.

नदीवरून बायका आल्या तेव्हा मी शिडीवरच होतो. उतरायची हिंमत झाली नाही. ओल्या चादरींच्या टोपल्या कमरेवर घेऊन त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. सगळ्या पार्नेलमावशीकडे बघत होत्या. शिव्या कुठून सुरू करायच्या ते ती ठरवणार होती.

"कुठे गेली?" मावशीने विचारलं.

"चुन्याखाली."

ती पुढे आली. तिने हात वर करून त्या निळ्या कडेला बोट लावलं, मग ड्रॅगनच्या फुगलेल्या पोटावर तळवा ठेवला. पोटुशी बाई तपासताना ठेवते तसा, पसरून.

"चुन्याखाली कशी असेल?" ती म्हणाली. "झगा तोंडात आहे की. गाढवा, ती आत आहे."

"कुठे आत?"

"होती तिथे. आधी बाहेर होती, आता परत आत गेलीय. तिला त्यात नवीन काय आहे? एकदा आलीय बाहेर, वाट माहितीय तिला."

बायकांनी पोटाकडे पाहिलं. खरंच भरलेलं दिसत होतं. सिबिल म्हणाली, "आठवा असेल." दुसरी म्हणाली, नववा. थोडा वाद झाला. मग त्या चादरी वाळत घालायला निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी बसायला आलं नाही.

मी घरी धावत जाऊन टॅम्सिनला सांगितलं. तिचा पाच दिवसांतला पहिला शब्द होता, "सोयीचं आहे."

"मावशी म्हणाली."

"मागच्या वेळी ती पोत्यांमागे होती तेव्हाही सगळ्या हेच म्हणत होत्या. आहे ती. आहेच." तिने कढणाचं भांडं माझ्यापुढे ठेवलं. "दिसत नाही ते असतं की नसतं, हे मला एकदा कळलंय, पिअर्स."

लूकच्या दिवशी सकाळी तपासनीस आले. नाव थ्रेलसाहेब. बारीक माणूस, नाकाला सर्दी, आठवड्यात चौदा गावं करायची होती आणि आमचं अकरावं. दप्तराची कातडी पिशवी गळ्यात, तिला तीन गाठी आणि लाल फीत. सगळ्या गावाला हजर राहायचं फर्मान होतं म्हणून टॅम्सिनही आली होती, उत्तरेच्या भिंतीजवळच्या खांबाला टेकून उभी. बसायला बाक नव्हता आणि ती भिंतीकडे मुद्दाम बघत नव्हती.

थ्रेलसाहेब राजचिन्हापुढे थांबले. मान तिरकी केली.

"ड्रॅगनची जीभ निळी का?"

टॅबनी माझ्याकडे पाहिलं. नॉर्विचला कोण जाणार ते त्या बघण्यात स्पष्ट होतं.

"राजाचा ड्रॅगन आहे, साहेब," मी म्हणालो. "साध्याची लाल असते."

त्यांनी लिहून घेतलं. मग सिंहाकडे वळले. सिंह जरा वाकून, भुवया उंचावून त्यांच्या बुटांकडे बघत होता. साहेबांनी सिंहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सिंहाकडे पाहिलं.

"हा कुणासारखा तरी दिसतो."

"राजाशी एकनिष्ठ आहे, साहेब."

तेवढ्यात मागे पाणी सांडल्याचा आवाज आला. मला वाटलं कुणाच्या हातून घागर पडली. वळून पाहिलं तर टॅम्सिन खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि फरशीवर अंथरलेलं गवत तिच्या पायाखाली ओलं झालं होतं. अजून साडेतीन आठवडे होते.

"घरी नेतो," मी म्हणालो.

पार्नेलमावशीने तिच्या पोटाला हात लावला. "घरापर्यंत वेळ नाही. इथेच. पुरुष बाहेर."

पुरुष निघाले. आमच्याकडे बाळंतपणात पुरुषाने असायचं नाही, नवऱ्यानेही नाही, पाद्रीनेही नाही. थ्रेलसाहेब जागचे हलले नाहीत.

"तपासणी चालू आहे," ते म्हणाले.

"ही पण," मावशी म्हणाली.

"बाई, मी राजाचा माणूस आहे."

"माणूसच ना? बाहेर."

आम्ही दाराबाहेरच्या देवडीत येऊन बसलो. साहेब, टॅब, पाद्रीबाबा, मी, आणि बाकीचा पुरुषवर्ग कबरींमध्ये विखुरलेला. दार आतून लागलं. मग लगेच पुन्हा उघडलं आणि सिबिलने डोकं बाहेर काढलं.

"मावशी म्हणते गाठी सोडा. सगळ्यांनी. कुठे काही बांधलेलं, कुलूप लावलेलं नको. बाई अडते."

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. लोकांनी पट्टे सोडले, बुटांच्या नाड्या सोडल्या. कुणी घंटांचे दोर सोडायला धावलं. पाद्रीबाबांनी कमरेची दोरी सोडून हातात धरली. सिबिल थ्रेलसाहेबांच्या पिशवीकडे बघत उभी राहिली.

"ही सरकारी गाठ आहे," ते म्हणाले.

"तीन आहेत," सिबिल म्हणाली.

"सिबिल!" टॅब म्हणाले. "माझी बायको, साहेब."

आतून टॅम्सिनची किंकाळी आली. साहेबांनी पिशवीकडे पाहिलं, नाक पुसलं आणि तिन्ही गाठी सोडल्या. लाल फीत त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. दहा गावांचे कागद वाऱ्याने फडफडायला लागले तसा त्यांनी त्यांच्यावर एक दगड ठेवला, मग त्या दगडावर स्वतःचा पाय.

त्यांचा घोडा कुणी सोडला ते कळलं नाही. पण खांबाला बांधलेला घोडा म्हणजे गाठच, आणि आमचं गाव असल्या बाबतीत पक्कं. थोड्या वेळाने तो टॅबच्या परसात दिसला, कोबी खाताना.

"तुमचा घोडा," टॅब कळवळून म्हणाले.

"पकडून बांधा."

"बांधू नये, साहेब. सध्या." हे म्हणताना टॅबना काय यातना झाल्या असतील ते मी समजू शकतो. एकेक गड्डा ते मनात मोजत होते.

माझ्या बुटांच्या नाड्या सोडून झाल्या होत्या, पट्टा सुटला होता, टोपीची दोरीही. मी आणखी शोधत होतो. हाताशी माझा कुंचा होता. त्याचे केस दांड्याला सुतळीने आवळून बांधलेले असतात. मी ती सुतळी सोडली. केस मांडीवर पडले. मागच्या वेळी मी बाहेर बसून लाकडाचा चमचा कोरला होता आणि कुंचा तसाच बांधलेला कोपऱ्यात उभा होता. त्याची आठवण मला या क्षणापर्यंत आली नव्हती.

आतून बायकांचे आवाज यायला लागले. आधी एक, मग सगळ्या मिळून. "मार्गारेट. ये गं बाहेर. मार्गारेट."

देवडीतल्या सगळ्यांनी आपापल्या सुटलेल्या बुटांकडे पाहिलं.

"कुणाला हाक मारतायत?" थ्रेलसाहेबांनी विचारलं.

"माझ्या बायकोला," टॅब म्हणाले.

"तिला तुम्ही मघाशी सिबिल म्हणालात."

टॅब घोड्याकडे बघायला लागले. साहेब माझ्याकडे वळले. "संत मार्गारेटचं चित्र आहे का आत?"

"नाही, साहेब. तुम्ही स्वतः पाहिलंत."

"मूर्ती?"

"नाही."

"मग ती कुठे आहे?"

मला खोटं सुचेना. एरवी सुचतं, पण तेव्हा आतला आवाज एकदम थांबला होता, आणि मी त्या शांततेकडे कान लावून होतो. "ड्रॅगनच्या पोटात," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सर्दीमुळे तोंडाने श्वास घेत होते. मग त्यांनी पायाखालच्या कागदांतून हुकुमाची प्रत काढली आणि बोट फिरवत वाचली.

"चित्रं, मूर्ती, मेणबत्त्या, दिवे, नवसाच्या वस्तू," ते म्हणाले. "कुणाच्या पोटात काय आहे ते तपासायचा हुकूम मला नाही." त्यांनी लेखणी काढली आणि तोंडाने म्हणत लिहिलं, "ड्रॅगन, एक. सिंह, एक. संत, नाही."

आत अजून शांत होतं. पाद्रीबाबा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मी मांडीवरचे कुंच्याचे केस एकेक करून जुळवत होतो आणि परत विस्कटत होतो. मोजलं नाही किती वेळ. घोड्याने दोन गड्डे संपवले.

मग मूल रडलं. रागावून, घोगऱ्या आवाजात.

आणखी काही वेळाने पार्नेलमावशी बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत वर, कपाळावर घाम. माझ्याकडे तिने लगेच पाहिलं नाही, तेवढ्यात माझं आयुष्य गेलं.

"मुलगी," ती म्हणाली. "लहान आहे, पण दम आहे. आई ठीक. बिअर गरम करा कुणीतरी, अंडं फेटून घाला तिच्यात." मग माझ्याकडे वळली. "चेहरा तोच आहे, काय करणार."

थ्रेलसाहेबांनी दाखला टॅबच्या हातात ठेवला आणि पिशवीला गाठी मारायला लागले. दोनच बसल्या. तिसरी कशी असते ते ते विसरले होते. घोडा पकडून दिला तेव्हा टॅब कोबीबद्दल काहीतरी म्हणणार होते, पण हातातला दाखला बघून थांबले.

पुढे काही दिवसांनी, टॅम्सिन घरात पडून होती आणि मूल तिच्या कुशीत, तेव्हा मी विचारलं, "दिसली का?"

"कोण?"

"मार्गारेट."

"नाही." तिने पोरीला दुसऱ्या कुशीवर घेतलं. "सगळ्या ओरडत होत्या, तिचं नाव घे, ती आतून येतेय बघ. मी बघत होते, भिंत पांढरी होती. मग मला ड्रॅगन दिसला. लाल झालेला, फुगलेला, तोंडात फडकं, एक पाय वर. त्याला काय होतंय ते मला एकदम कळलं. मागच्या वेळी मला सांगत होत्या की बाहेर येणाऱ्या बाईकडे बघ. पण बाहेर येणारी मी नव्हतेच, पिअर्स. मी ड्रॅगन होते."

"मग?"

"मग मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. तुझ्या बापाने डोळे चांगले काढलेत त्याचे."

त्या दिवशी कढणात मीठ होतं.

पुढच्या वर्षी थ्रेलसाहेब पुन्हा आले. आता हुकूम आणखी कडक झाले होते. त्यांनी सगळ्या भिंती पाहिल्या आणि शेवटी वहीत एक शेरा लिहिला, तो टॅबनी मागाहून सगळ्या गावाला वाचून दाखवला. ऑल्डरफिल्डच्या पोटुश्या बायका रोज येऊन राजचिन्हापुढे गुडघे टेकतात. इतकी राजनिष्ठा आम्हाला अन्यत्र आढळली नाही. टॅबनी तो कागद चौकटीत घालून लावायला सांगितला, फुकटात.

कुंचा मी पुन्हा बांधला, पण तो पूर्वीसारखा कधी झाला नाही. रेघा सोडतो. निळी जीभ अधूनमधून गडद करायला तेवढा पुरतो.

टॅम्सिनला परत दिवस गेलेत. रविवारी चर्चमधून निघताना ती पोरीला कडेवर घेते आणि भिंतीपाशी थांबते. गुडघे टेकत नाही. ड्रॅगनच्या पोटावर तळव्याने दोनदा थोपटते.

"होईल रे नीट," ती त्याला म्हणते, आणि आम्ही घरी येतो.